धुळे तुरुंगातला वर्ग

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. खानदेशात या दिवसांत थंडी ओसरायला लागते, पहाटेपुरती गोधडी लागते. देशात मात्र वादळ चालू होतं. ४ जानेवारीला गांधीजींना अटक झाली होती, काँग्रेस बेकायदा ठरली होती आणि तुरुंग सत्याग्रहींनी भरत होते. धुळ्याच्या तुरुंगात त्या दिवशी छत्तीस वर्षांचे विनोबा गीतेवर बोलायला उभे राहिले. ते बोलणं लिहून घेणारा कैदी होता बत्तीस वर्षांचा एक मास्तर, पांडुरंग सदाशिव साने. दोघंही माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते, हे वाचताना दर वेळी दचकायला होतं.

आपल्याला 'साने गुरुजी' म्हटलं की 'श्यामची आई' आठवते. पण हा माणूस त्याआधी सहा वर्षं, १९२४ ते १९३०, अमळनेरच्या शाळेत शिकवत होता आणि वसतिगृह सांभाळत होता. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. छापलेलं नाही, हातानं लिहिलेलं! शाळा, मुलांचा अभ्यास, त्यांची आजारपणं आणि वर हा रोजचा अंक. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. मी सॉफ्टवेअरवाला. मीटिंगचं बोलणं यंत्र आपोआप उतरवून देतं, तरी ते नीट करायला मला अर्धा तास लागतो आणि जीवावर येतं.

एप्रिल १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मुलं मागे राहिली. हा निर्णय आपण फार सहज 'त्याग' म्हणून मोकळे होतो.

म्हणून पहिल्या प्रवचनाचा विषय मला महत्त्वाचा वाटतो. अर्जुन रणांगणात येऊन अचानक अहिंसेची भाषा का बोलू लागला? विनोबांनी एका न्यायाधीशाचं उदाहरण दिलं. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावणाऱ्या या गृहस्थासमोर एके दिवशी स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून उभा राहतो, आणि फाशी किती अमानुष आहे हे त्याला तेव्हा सुचतं. मुद्दा स्वधर्माचा होता. आपलं काम टाळायला माणूस किती उदात्त कारणं शोधतो, हे विनोबा सांगत होते. आणि दोन वर्षांपूर्वी वर्ग सोडून आलेला शिक्षक ते शब्द कागदावर उतरवत होता. त्यांच्या मनात काय चाललं असेल यावर मी कादंबरी रचणार नाही. पण माझ्या मते त्यांनी काम सोडलंच नव्हतं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं, समजून घ्यायचं आणि पुढच्याला कळेल असं मांडायचं, हेच तर ते अमळनेरला रोज करत होते. फक्त या वर्गात ते बाकावर बसले होते.

रेकॉर्डिंग नव्हतं. एखादा रविवार हुकला असता तर तो अध्याय कायमचा गेला असता. दर रविवारी एक, असे अठरा अध्याय १९ जूनला पूर्ण झाले. विनोबांनी ती टिपणं पुढे तपासली आणि 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं. आज ते कितीतरी भारतीय भाषांत आहे. मुखपृष्ठावर नाव विनोबांचं, आणि ते बरोबरच आहे.

पुढच्या हिवाळ्यात गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी त्यांनी पुन्हा कागद पुढे ओढले. या वेळी समोर बोलणारं कुणी नव्हतं. सोमवारी पहाटेपर्यंत श्यामच्या रात्री लिहून झाल्या होत्या.