थ्रेड : स्वस्त उपचारांची किंमत कोण मोजते? गडचिरोलीचा इतिहास

१/ डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक आकडा प्रसिद्ध झाला : एका नवजात बालकाच्या घरच्या घरी देखभालीचा खर्च ५.३ डॉलर. त्या काळच्या दराने सुमारे सव्वादोनशे रुपये. हा हिशेब गडचिरोलीच्या जंगलातल्या खेड्यांतून आला होता. तो कसा जुळला, त्याची ही गोष्ट.

२/ २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. १९८६ च्या सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग येथे आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू झाले ते तेंदूपत्त्याच्या एका गोदामात.

३/ अशा मुलखात आजारपणाचा खर्च डॉक्टरांच्या फीपुरता नसतो. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्यांचे जेवणखाण हेही त्यातच येते. त्यामुळे लोक दवाखाना लांबणीवर टाकतात, आजार बळावतो आणि खर्चही वाढतो. म्हणून खरा प्रश्न होता : आजार वेळीच, घराच्या उंबऱ्याशीच ओळखता येईल का?

४/ पहिला प्रयोग न्यूमोनियाचा. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा होतो, यावरून हा आजार ओळखता येतो. पण शाळेचे तोंड न पाहिलेल्या दाईने पन्नास-साठपर्यंत अचूक मोजायचे कसे? तिच्यासाठी एक साधे यंत्र तयार झाले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा.

५/ निदान आणि प्रतिजैविक, दोन्ही गावातच मिळू लागले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू घटले. हे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

६/ पुढची पायरी नवजात बालकांची. १९९५ पासून ३९ गावांत ‘आरोग्यदूत’ म्हणून गावातल्याच स्त्रिया प्रशिक्षित झाल्या. घरी जाऊन बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे होती. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देणे, हे त्या काळी मोठे धाडस होते.

७/ निकाल असा : दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ वरून २५.५ वर आले. जंतुदोष झालेल्या बालकांतील मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांपर्यंत उतरले.

८/ यात घरच्या माणसांचा वाटाही मोठा होता. बाळाला कोरडे व उबदार ठेवणे, जन्मल्याबरोबर अंगावर पाजणे, ते सुस्त पडले किंवा दूध ओढेनासे झाले तर तत्काळ हाक मारणे. यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. लागते ती माहिती आणि तत्परता.

९/ २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारली आणि काम ‘आशा’ कार्यकर्तीकडे आले. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर सहा, घरी झाली असेल तर सात गृहभेटी. ४२ दिवसांच्या या भेटी पूर्ण केल्यावर मोबदला २५० रुपये.

१०/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबावे लागते. खर्च कमी झाला, की त्याचा काही भाग एका स्त्रीच्या कमी मोबदल्याच्या श्रमात लपला? ‘आशा’ आजही कर्मचारी नव्हे, स्वयंसेविका मानली जाते. मानधनवाढीसाठी महाराष्ट्रातील आशांनी २०२१ आणि २०२३ मध्ये संप केले. स्वस्ताईच्या कोणत्याही हिशेबात हा रकाना कोरा ठेवता येणार नाही.

११/ ‘आरोग्यावरचा खर्च कमी करण्यासाठी एकटा माणूस काय करू शकतो?’ असे आपण विचारतो. गडचिरोलीचे उत्तर दुहेरी आहे. घरातल्याने लक्षण लवकर ओळखावे आणि शेजारच्या प्रशिक्षित हाताला वेळेवर बोलवावे. आणि त्या हाताला पुरेसा मोबदला मिळतो की नाही, हे समाजाने विचारत राहावे. लाल मणी सरकवणारी बाई होती, म्हणूनच तो आकडा ५.३ वर थांबला.