दोन तालुके आणि एक लायब्ररीचं कार्ड

जून लागला की ऑफिसात रायगड आणि वरंधा घाटाचे फोटो फिरायला लागतात. मीही इतकी वर्षं त्यातलाच. गोव्याला जाताना महाडला चहा, पोलादपूरला महाबळेश्वरचा फाटा दिसला की "पुढच्या वेळी नक्की", आणि मग थेट कशेडी घाट. थोडक्यात काय, हे दोन्ही तालुके मी गाडीच्या काचेतूनच पाहिलेले! मग एका पावसाळ्यात पाय मुरगळला, ट्रेक बंद झाले, आणि ड्रॉवरमध्ये पडलेलं लायब्ररीचं कार्ड बाहेर आलं. ठरवलं, एका ऋतूला एक पुस्तक. विषय फक्त महाड आणि पोलादपूर.

सुरुवात 'शिवभारता'पासून केली. कवींद्र परमानंदांनी शिवाजी महाराजांच्या हयातीत लिहिलेलं हे संस्कृत काव्य. संस्कृत म्हटल्यावर घाबरू नका, दिवेकरांच्या आवृत्तीत मराठी भाषांतर आहे. काशीचे पंडित विचारतात आणि कवी सांगत जातो, अशी रचना. अफझलखान जावळीच्या रानात येतो तो भाग बाहेर पाऊस कोसळत असताना वाचून पाहा. काव्य बत्तिसाव्या अध्यायात नऊ श्लोकांनंतर तुटतं, तेव्हा अक्षरशः चुकल्यासारखं होतं. कवींद्रांची समाधी पोलादपुरात आहे. ज्या फाट्यावर मी दरवेळी "पुढच्या वेळी" म्हणत होतो, त्याच गावात!

पण मला खरी गंमत वाटली ती पोथीच्या प्रवासाची. समाधी सावित्रीच्या काठी आणि पोथी मिळाली कुठे, तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. तंजावरचे भोसले म्हणजे व्यंकोजींचा वंश, आणि दुसऱ्या सरफोजींनी ते ग्रंथालय जिवापाड वाढवलं. कोणीतरी ती पोथी जपली, कोणीतरी तिची यादीत नोंद ठेवली, म्हणून स. म. दिवेकरांना ती छापता आली. साल १९२७.

हे साल डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

दिवाळीनंतर पाय बरा झाला. तेव्हा महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांसाठी ब्राह्मी अक्षरं गिरवली. तिथे कुमार काणभोज विष्णुपालिताचा लेख आहे. तीन वीकेंडांत मला जेमतेम निम्मी अक्षरं ओळखता आली. असो. थंडीत करायला छंद मस्त आहे.

मार्चमध्ये मात्र छंद वगैरे शब्द बाजूला ठेवावे लागले, कारण वाचन चवदार तळ्यापाशी आलं. २० मार्च १९२७ ही तारीख आपण शाळेत पाठ केलेली. त्याच्या मागची-पुढची कागदपत्रं मात्र मी कधी पाहिली नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं केलं, म्हणजे कागदावर! तीन वर्षांनी बाबासाहेब आणि हजारो माणसं प्रत्यक्ष पाणी प्यायली, तर त्यांच्यावर हल्ला झाला. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. बाबासाहेब बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला आले. तोवर विरोधकांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पाणी घेणं मात्र कोर्टाच्या निकालापर्यंत लांबणीवर टाकलं. खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. तळं चौधरी मंडळींचं खासगी आहे, हे वादींचं एक म्हणणं. अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचं नाही ही अनादी काळाची वहिवाट आहे, हे दुसरं. मालकीचा मुद्दा टिकला नाही, वहिवाट अनादी असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. हा निकाल मिळवून वाचाच. भाषा इतकी कोरडी, की त्या कोरडेपणानेच अंगावर काटा येतो. पाण्याच्या एका ओंजळीसाठी पुरावे, साक्षी, अपिलं... कोड रिव्ह्यूमध्ये दोन दिवस गेले तर चिडचिड करणारा मी, गप्प बसलो.

म्हणजे ज्या वर्षी पोलादपूरच्या कवीचं पुस्तक छापून लोकांच्या हातात आलं, त्याच वर्षी वीसेक किलोमीटरवर माणसं तळ्याच्या पाण्यासाठी मार खात होती. हा योगायोगच, पण दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर आल्याशिवाय मला तो दिसला नसता.

बोलेंच्या यादीत वाचनालयं नव्हती, हे तेव्हाच लक्षात आलं आणि मग 'सार्वजनिक' या शब्दाचाच नाद लागला. १९४८ च्या मद्रासच्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी कर आहे. आपल्या १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात तो नाही. आपली गावोगावची वाचनालयं स्थानिक संस्था चालवतात, सरकार अनुदान देतं आणि बाकी भिस्त आपल्या वर्गणीवर. आपण मात्र महिन्याला एका पिझ्झाहून कमी वर्गणी असून ती थकवतो. (मी सात महिन्यांची थकवली होती. काउंटरवरच्या काकूंनी काही न बोलता पावती फाडली.)

आता पुन्हा जून आलाय. यंदासाठी चिंतामणराव देशमुखांचं 'मेघदूता'चं मराठी भाषांतर शोधतोय. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकलेले, आणि जन्म रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावचा. काकू म्हणाल्या, माळ्यावर बघावं लागेल, शनिवारी या.