वतन आणि विसार

स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. पण दोन शब्दांचा इतिहास मला घरातच समजला, तोच आपणा भगिनींपुढे ठेवते.

आमच्या मराठी पवित्र शास्त्रात, पेत्राच्या पहिल्या पत्रात, देवाने आपल्या माणसांसाठी स्वर्गात राखून ठेवलेल्या ठेव्याला ‘वतन’ म्हटले आहे. ते पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया अशा आशिया मायनरच्या प्रांतांत पांगलेल्या, उपरे ठरलेल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेले. घरदार सुटलेल्यांना हा शब्द किती गोड लागला असेल!

परंतु आपल्याकडे वतन सर्वांनाच गोड नव्हते. पाटीलकी-कुलकर्णासाठी भाऊबंद एकमेकांच्या जिवावर उठत; महारकीच्या वतनात मात्र जमीन थोडी आणि राबणूक अमाप. ते जोखड काढावे म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. माझ्या आजेसासूबाई अशाच वतनदार घरातल्या. नव्याने ख्रिस्ती झाल्यावर हे पत्र ऐकताना त्यांनी पाळकांना विचारले होते, “या वतनात येसकराची काठी धरावी लागती का?” पाळक हसले नाहीत, असे त्या आवर्जून सांगत.

दुसरा शब्द ‘विसार’. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याला वतनाचा विसार म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दही व्यापाऱ्यांचाच. बैल ठरला की विसार हातावर पडतो आणि सौदा पक्का होतो. बाकीचे मागाहून मिळणार, हा भरवसा त्यात असतो. आजेसासूबाईंना हे समजावून सांगावे लागले नाही.

असा भरवसा लागेच. धर्म बदलला म्हणून वारसा जाऊ नये, असा कायदा १८५० सालीच, त्या वर्षाच्या एकविसाव्या क्रमांकाने झाला होता. पण कायदा शेत राखील. माहेरची पंगत कशी राखणार? सासूबाई सांगत, आजेसासूबाईंना पुढे भावाच्या दारात पाणीसुद्धा वरून घालत.

उच्चवर्णीयांचीही गत निराळी नव्हती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षे त्या नातलगांत राहिल्या. परत आल्या तरी आपले सोवळे सांभाळीत. मग तेही गळून पडले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटते, नवऱ्यामागे गेली म्हणून ही बाई ख्रिस्ती झाली असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिने आपला सौदा आपणच ठरवला.

१९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. घरात पैसाअडका तर नव्हताच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काव्य हाती घेतले आणि ओवी-ओवीने पुढे नेले.