सिंधुदुर्गाचे दगडी नांगर

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. या पाण्यात गलबते कधीपासून नांगर टाकत होती?

गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९८१ पासून सागरी पुरातत्त्वाचे काम हाती घेतले. तिच्या संशोधकांना किल्ल्याच्या परिसरात दगडी नांगर आढळले. त्यांतील भारतीय-अरबी प्रकार सहज ओळखू येतो: लांबट दगड, वर दोरासाठी गोल छिद्र, खाली लाकडी दांडे अडकवण्यासाठी दोन चौकोनी छिद्रे. असे नांगर इराणच्या सिराफ बंदरातही मिळाले आहेत.

अडचण वयाची. दगडाला कार्बन-कालमापन लागू पडत नाही. दोर आणि लाकूड तर केव्हाच कुजलेले. ही घडणही शतकानुशतके टिकली, त्यामुळे आकाराची साक्ष अपुरी. प्रयोगशाळेत दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर दगडाची जात कळते आणि तो स्थानिक की परका याचा अंदाज बांधता येतो. काळाचा धागा मात्र सापडलेल्या जागेतच असतो: खोली, गाळाचा थर, शेजारची खापरे.

म्हणूनच आधी मोजमाप, रेखाटन, छायाचित्र. उचलणे सर्वांत शेवटी. बंदरातला गाळ उपसताना यंत्राने वर काढलेला नांगर संग्रहालयात देखणा दिसेल, पण त्याच्या फलकावर शतक कोणते लिहायचे?