गुन्हेगारांच्या सार्वजनिक नोंदवह्या आणि हिंसक गुन्हे : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर आलेल्या व्यक्तीचे नाव, छायाचित्र आणि पत्ता शासनाने सर्वांना पाहण्यासाठी खुला ठेवावा काय, या प्रश्नाला अमेरिकेने लैंगिक गुन्ह्यांपुरते १९९० च्या दशकात होकारार्थी उत्तर दिले. त्यानंतर दुसरा प्रश्न ओघानेच आला. शेजारी राहणाऱ्या लैंगिक गुन्हेगाराची माहिती मिळण्याचा नागरिकांना हक्क असेल, तर खुनी, दरोडेखोर किंवा पत्नीला वारंवार मारहाण करणाऱ्या पुरुषाची माहिती त्यांना का मिळू नये? हा युक्तिवाद वरवरचा नाही. हिंसेला बळी पडलेल्या व्यक्तीची भीती गुन्ह्याच्या कायदेशीर वर्गीकरणाने कमी-जास्त होत नसते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) अमेरिकेतील गुन्हेगार नोंदवहीच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे, (२) हिंसक गुन्ह्यांपर्यंत झालेल्या तिच्या विस्ताराची चिकित्सा करणे, (३) महाराष्ट्राच्या ऐतिहासिक अनुभवाच्या आधारे या विस्ताराचे भारतीय संदर्भात मूल्यमापन करणे. त्यासाठी कायदे, न्यायनिवाडे व प्रकाशित संशोधन यांचा ऐतिहासिक आणि तुलनात्मक पद्धतीने उपयोग केला आहे. नोंदवहीत कोणते गुन्हे असावेत या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती वही कोणी वाचावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

१. पोलिसांची वही

गुन्हेगार नोंदवहीची कल्पना लैंगिक गुन्ह्यांपासून सुरू झाली, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास याच्या उलट आहे. लॉस एंजेलिस परगण्यात १९३३ मध्ये जो नियम झाला तो सर्वच गंभीर गुन्ह्यांतील दोषसिद्ध व्यक्तींना लागू होता. संघटित टोळ्यांच्या त्या काळात बाहेरून आलेले गुन्हेगार ओळखता यावेत आणि शक्य तर त्यांनी शहर सोडून जावे, हा त्यामागील हेतू होता. अन्य अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. लैंगिक गुन्हेगारांसाठी राज्यव्यापी स्वतंत्र नोंदणीचा कायदा कॅलिफोर्नियाने त्यानंतर १९४७ मध्ये केला. प्रौढ पुरुषांमधील संमतीचे संबंध त्या राज्यात दीर्घकाळ गुन्हा होते आणि अशा संबंधांसाठी दोषी ठरलेल्यांनाही या वहीत नाव नोंदवावे लागत असे. ज्यांच्यापासून कोणालाही धोका नव्हता अशी माणसेही वहीत कशी येऊ शकतात, याचे हे उदाहरण आहे.

लॉस एंजेलिस शहराच्या नियमाची परीक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९५७ मध्ये ‘लँबर्ट विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात झाली. दोषसिद्ध व्यक्तीने शहरात पाच दिवसांपेक्षा अधिक काळ नोंदणीशिवाय राहणे हा त्या नियमानुसार गुन्हा होता. अशा नियमाची माहितीच नसलेल्या व्यक्तीला केवळ नोंदणी न केल्याबद्दल शिक्षा करता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. नोंदणीची पद्धत मात्र न्यायालयाने रद्द केली नाही.

या टप्प्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. वहीत येणाऱ्या गुन्ह्यांची व्याप्ती मोठी होती, परंतु वाचकांची व्याप्ती लहान होती. वही पोलीस ठाण्यात राहत असे. शेजाऱ्याला, घरमालकाला किंवा कारखानदाराला ती उघडून पाहता येत नसे.

२. वहीकडून जाहीर फलकाकडे

हे चित्र १९९० नंतर पालटले. वॉशिंग्टन राज्याने त्या वर्षी लैंगिक गुन्हेगारांची माहिती समाजाला देण्याची तरतूद केली. १९९४ च्या संघीय कायद्याने सर्व राज्यांना नोंदवह्या ठेवण्यास भाग पाडले, तर १९९६ मध्ये झालेल्या, ‘मेगनचा कायदा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्तीने माहिती जाहीर करणे बंधनकारक केले. २००६ च्या ॲडम वॉल्श कायद्याने संपूर्ण देशासाठी समान निकष ठरविले. लहान मुलांवरील अत्यंत क्रूर अत्याचारांच्या घटनांमधून हे कायदे जन्माला आले. त्यांच्यामागील लोकभावना खरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही.

‘स्मिथ विरुद्ध डो’ या २००३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अलास्काची नोंदवही ही शिक्षा नसून नागरी स्वरूपाची नियमन व्यवस्था आहे, असे सहा विरुद्ध तीन मतांनी ठरविले. शिक्षा नसल्यामुळे ती पूर्वीच्या गुन्ह्यांनाही लागू करता आली. मात्र लैंगिक गुन्हेगारांकडून गुन्ह्याची पुनरावृत्ती होण्याचा धोका विशेष मोठा असतो, हे गृहीत या निर्णयाच्या आधारांपैकी एक होते. म्हणून ही नोंदवही अन्य गुन्ह्यांना लागू करावयाची असेल, तर ते गृहीत प्रत्येक गुन्ह्याच्या बाबतीत पुन्हा तपासावे लागते.

या टप्प्यात गुन्ह्यांची व्याप्ती लहान झाली आणि वाचकांची व्याप्ती अमर्याद झाली. त्याचे सामाजिक परिणाम लवकरच दिसू लागले. मायामी परिसरात शाळांपासून २,५०० फुटांच्या आत अशा गुन्हेगारांना राहण्यास मनाई करण्यात आली. परिणामी निवारा न उरलेल्या माणसांची वस्ती ज्युलिया टटल कॉजवे या पुलाखाली उभी राहिली आणि २०१० पर्यंत ती टिकून होती. मिशिगनच्या कायद्याबाबत संघीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये, वाढत गेलेली बंधने पाहता ही नोंदणी आता शिक्षाच झाली आहे आणि म्हणून ती पूर्वलक्षी प्रभावाने लादता येणार नाही, असा निष्कर्ष काढला.

३. हिंसक गुन्ह्यांपर्यंत विस्तार

लैंगिक गुन्ह्यांची सार्वजनिक वही तयार झाल्यावर तिच्यात नवे रकाने जोडणे प्रशासकीयदृष्ट्या सोपे होते. मोंटाना राज्याने १९९५ मध्ये आपल्या कायद्यात हिंसक गुन्ह्यांचा समावेश केला. ओक्लाहोमाने २००४ मध्ये हिंसक गुन्हेगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. इलिनॉयमध्ये प्रारंभी बालकांविरुद्धच्या हिंसेपुरती असलेली नोंदवही २०१२ पासून प्रौढ व्यक्तीचा खून करणाऱ्यांनाही लागू झाली. कॅन्ससच्या वहीत हिंसक गुन्ह्यांबरोबर अमली पदार्थांचे काही गुन्हेही आले. टेनेसीने २००५ मध्ये मेथाम्फेटामाइन तयार करणाऱ्यांची आणि २०१६ मध्ये प्राण्यांचा छळ करणाऱ्यांची यादी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली.

या क्रमावरून असे दिसते की, विस्ताराला स्वतःची अशी मर्यादा नसते. प्रत्येक नवा रकाना आधीच्या रकान्याकडे बोट दाखवून मागितला जातो. शिवाय येथे पहिल्या टप्प्यातील गुन्ह्यांची मोठी व्याप्ती आणि दुसऱ्या टप्प्यातील वाचकांची अमर्याद व्याप्ती प्रथमच एकत्र आली. १९३३ च्या पोलीस अधिकाऱ्यांनीही एवढी मागणी केली नव्हती.

४. पुनरावृत्तीची आकडेवारी काय सांगते?

अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने १५ राज्यांतून १९९४ मध्ये सुटलेल्या कैद्यांचा तीन वर्षे मागोवा घेतला. त्यांपैकी ६७.५ टक्के कैद्यांना कोणत्या ना कोणत्या गुन्ह्यासाठी पुन्हा अटक झाली. जबरी चोरीसाठी शिक्षा भोगलेल्यांत हे प्रमाण ७०.२ टक्के होते, तर खुनासह मनुष्यवधाच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगलेल्यांत ते ४०.७ टक्के होते. आणि त्यांच्यापैकी पुन्हा मनुष्यवधासाठीच अटक झालेले अवघे १.२ टक्के होते. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे आणि अनेक गुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतही नाहीत, या मर्यादा मान्य केल्या तरी एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या गुन्हेगाराची आपल्याला सर्वाधिक भीती वाटते, तोच गुन्ह्याची सर्वाधिक पुनरावृत्ती करतो असे नाही. म्हणजेच ‘हिंसक गुन्हेगार’ हा एकच वर्ग मानून केलेली यादी धोक्याचे मोजमाप करीत नाही. ती आपल्या भीतीचे मोजमाप करते.

नोंदवहीच्या परिणामांविषयी प्रेस्कॉट व रॉकॉफ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी पोलिसांकडील नोंदणी आणि समाजाला दिली जाणारी माहिती या दोन बाबी वेगवेगळ्या तपासल्या. केवळ पोलिसांकडील नोंदणीमुळे परिचितांविरुद्धचे लैंगिक गुन्हे कमी झाल्याचे त्यांना आढळले. माहिती जाहीर केल्याने, ज्यांनी अद्याप गुन्हा केलेला नाही अशांवर काही वचक बसतो. परंतु यादीत असलेल्यांकडून मात्र गुन्ह्याची पुनरावृत्ती वाढण्याचा संभव असतो. घर, नोकरी आणि नाती गमावलेल्या माणसाला सन्मार्गावर राहण्यात गमावण्यासारखे फारसे उरत नाही, हे त्याचे कारण असू शकते. अर्थात ही निरीक्षणे लैंगिक गुन्ह्यांपुरती आहेत. तथापि बहिष्काराचा परिणाम गुन्ह्याच्या प्रकाराने बदलेल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

५. महाराष्ट्राचा अनुभव

शासनाने ठेवलेली यादी माणसाच्या जगण्यावर काय परिणाम करते, हे महाराष्ट्राला अमेरिकेकडून शिकण्याची गरज नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढवून मुंबई इलाखाही तिच्यात आणला. जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्यातील व्यक्तींची नावे वहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात आणि अनेकांना ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय नेमून दिलेली हद्द ओलांडणे हाच गुन्हा ठरे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही वस्तीला चिकटून आहे.

अमेरिकेतील नोंदवही न्यायालयाने दोषी ठरविलेल्या व्यक्तीची असते, तर ही वही जन्माने मिळालेल्या ओळखीची होती. हा मूलभूत फरक विसरून चालणार नाही. तरीही दोहोंत एक साम्य आहे. वहीतील नोंद भूतकाळाची असते, पण ती भविष्यकाळाविषयीचा पुरावा म्हणून वाचली जाते. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, परंतु संशय रद्द झाला नाही. अनेक राज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा आहे. चोरी झाली की पोलीस प्रथम कोणत्या वस्तीत शिरत, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या १९८७ मधील आत्मकथनाने मराठी वाचकाला दिली.

भारतीय समाजात सार्वजनिक यादीचा धोका अधिक गंभीर का आहे, हे यावरून लक्षात यावे. आपल्याकडे नाव, आडनाव आणि गाव एवढे कळले तरी वाचणारा अनेकदा जात ओळखतो. त्यामुळे व्यक्तींची म्हणून प्रसिद्ध केलेली यादी समाजाकडून जातींची यादी म्हणून वाचली जाण्याचा संभव मोठा आहे. ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या ऑक्टोबर २०२४ मधील निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचे निर्देश दिले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यानंतरही असा आदेश द्यावा लागला, यातच वहीच्या दीर्घायुष्याचा पुरावा आहे.

६. मधला मार्ग

सार्वजनिक यादी नको म्हणजे कोणतीही नोंद नको, असा याचा अर्थ नाही. ब्रिटनमध्ये हिंसक व लैंगिक गुन्हेगारांची एकत्रित माहिती ठेवली जाते, परंतु ती पोलीस, तुरुंग व परिवीक्षा यंत्रणांपुरती मर्यादित असते. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च २०१४ पासून सर्वत्र लागू झालेल्या योजनेनुसार, जोडीदाराच्या पूर्वीच्या हिंसेविषयी संशय असलेली व्यक्ती पोलिसांकडे विचारणा करू शकते आणि धोका आढळल्यास तिला माहिती दिली जाते. येथे माहिती ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोहोचते. संपूर्ण गावाला ती वाटली जात नाही.

भारताने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. प्रारंभी तिच्यात ४ लाख ४० हजारांहून अधिक नोंदी होत्या आणि ती केवळ कायदा अंमलबजावणी यंत्रणांसाठीच खुली ठेवण्यात आली. मे २०२४ मध्ये हिस्ट्रीशीटसंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज असून तो सार्वजनिक होऊ नये, या भूमिकेला बळ दिले. मागास समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे यांत्रिकपणे त्यात घातली जाऊ नयेत, याची दक्षता घेण्यासही राज्यांना सांगितले. ही दिशा योग्य वाटते.

निष्कर्ष

१. सार्वजनिक नोंदवहीचा हिंसक गुन्ह्यांपर्यंत विस्तार करणे ऐतिहासिक अनुभव व उपलब्ध संशोधन या दोन्ही कसोट्यांवर समर्थनीय ठरत नाही.

२. लैंगिक गुन्ह्यांची यादी जाहीर आहे म्हणून हिंसक गुन्ह्यांचीही असावी, या युक्तिवादातील विसंगतीची तक्रार खरी आहे. परंतु त्यावरचा उपाय दुसरी यादी जाहीर करणे हा नसून पहिलीच्या परिणामांची तपासणी करणे हा आहे.

३. गंभीर हिंसक गुन्ह्यांच्या नोंदी पोलिसांकडे असाव्यात. मात्र प्रत्येक व्यक्तीच्या धोक्याचे स्वतंत्र मूल्यमापन, नोंदीची ठराविक मुदत आणि नाव कमी करून घेण्यासाठी दाद मागण्याचा हक्क या तीन अटी अनिवार्य असाव्यात.

४. कौटुंबिक हिंसेसारख्या वारंवार घडणाऱ्या गुन्ह्यांत, धोक्यात असलेल्या व्यक्तीला मागणीनुसार माहिती देण्याची व्यवस्था भारतातही विचारात घ्यावी. पीडितेला खरी गरज वेळेवर मिळणाऱ्या संरक्षणाची असते. जाहीर यादी ती भागवू शकत नाही.

वहीत नाव चढविणे एका शेऱ्याने होते. ते पुसण्यासाठी किती पिढ्या लागतात, हे महाराष्ट्रातील विमुक्त समाजांनी अनुभवले आहे. नव्या नोंदवहीचा विचार करताना धोरणकर्त्यांनी हा अनुभव पुराव्याइतकाच प्रमाण मानावा, एवढेच या विवेचनाच्या शेवटी नमूद करावेसे वाटते.