देवासच्या वाटेवरचे जनावर

माझा भाचा पीथमपूरला एका कारखान्यात नोकरीला आहे. "मामा, एकदा या की" असे तो चार वर्षे म्हणत होता. शेवटी दिवाळीची सुट्टी आणि शिल्लक रजा यांचा मेळ बसला आणि मी गेलो. पीथमपूर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले, इंदूरजवळचे कारखान्यांचे गाव. "इथे बघण्यासारखे काही नाही, आपण देवासला जाऊ," असे भाचाच म्हणाला.

देवास म्हटल्यावर आम्हा गोमंतकीयांना दुसरे काय आठवणार? कुमार गंधर्व. १९४८ साली ते आजारपणामुळे देवासला राहायला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथलेच होऊन राहिले. टेकडीवर चामुंडा आणि तुळजाभवानी, खाली पवारांची जुनी राजधानी. तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू अठराव्या शतकात बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आले आणि एकाच गावात दोन गाद्या झाल्या. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. एक गाव, दोन राजे, दोन दरबार. हे सगळे बघता बघता कधी अंधार पडला कळले नाही.

मग सुरू झाली परतीची साठ-सत्तर किलोमीटरची वाट. इंदूरपर्यंतचा मोठा रस्ता बरा होता. पण पुढे कुठेतरी काम चालू होते म्हणून भाच्याने गाडी आतल्या गावांतून घातली आणि माझी परीक्षा सुरू झाली. समोरून येणारा एकही गाडीवाला दिवा खाली करीना. भाचा डिपर देऊन देऊन थकला. डोळे दिपले की चार-पाच क्षण पुढचे काहीच दिसत नाही आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यात उभी असते ती बिनदिव्याची ट्रॅक्टर-ट्रॉली. मागे लाल काच नाही, चकाकणारी पट्टी नाही. एका वळणावर गुरे बसली होती. दुसऱ्या वळणावर काळे घोंगडे पांघरलेला एक म्हातारा डांबराच्या कडेने चालला होता. तो आम्हाला अगदी जवळ आल्यावर दिसला. भाचा चिडून म्हणाला, "ह्या लोकांना हातात एक बॅटरी धरायला काय होते?"

मी काही बोललो नाही. मला देवासच्या राजाची गोष्ट आठवत होती.

ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक १९१२-१३ च्या हिवाळ्यात प्रथम देवासला आला. पुढे १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीराव महाराजांचा तो काही महिने खाजगी चिटणीस होता. हे तुकोजीराव म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. तिथल्या आठवणींचे त्याचे 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक १९५३ साली आले. त्यात एक प्रसंग आहे. राजाच्या ओळखीचे काही इंग्रज मोटारीने जात असता घळीतून एक जनावर धावत आले आणि गाडीवर आदळले. गाडी भेलकांडली, पण माणसे वाचली. राजाने हे ऐकले मात्र, तो एकदम सावध झाला. कोणत्या बाजूने आले, केवढे होते, डुकरापेक्षा मोठे पण म्हशीपेक्षा लहान ना, असे सगळे त्यानेच विचारले आणि ते सगळे जुळले. मग तो म्हणाला की काही वर्षांपूर्वी त्याच जागी आपल्या गाडीखाली एक माणूस आला होता. माणूस दारू प्यायलेला होता, चौकशीत राजा निर्दोष ठरला, घरच्यांना पैसेही दिले. तरी तो माणूस तेव्हापासून या जनावराच्या रूपाने आपला जीव घ्यायला बघतो आहे!

फॉर्स्टरने हा प्रसंग फुकट घालवला नाही. १९२४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीत नवाब बहादुरांच्या मोटारीला अंधारात जे काही धडकते, ते इथूनच गेलेले आहे.

माळव्यात शेताशेतांतून नीलगाई फिरतात, तेव्हा ते जनावर नीलगाय असेल असे मला वाटते. पण मी सरकारी कारकून माणूस. माझे लक्ष जाते ते चौकशीकडे. चौकशी झाली, निकाल लागला, भरपाई दिली. आमच्या भाषेत फाईल बंद. आणि तरीही राजाच्या मनातली फाईल उघडीच राहिली.

आपल्या गोव्यात ही गोष्ट कुणाला अशक्य वाटणार नाही. गावच्या सीमेवर देवचार असतो. खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन तो रात्री राखण करीत फिरतो अशी आपली श्रद्धा. आजही कितीतरी ड्रायव्हर राखणदाराच्या घुमटीपुढे गाडी हळू करतात, हॉर्न वाजवतात. शिकलेली माणसे याला हसतात. पण त्या निमित्ताने वेग कमी होतो आणि रस्ता आपल्या एकट्याचा नव्हे हे क्षणभर आठवते. पूर्वी आपले आजोबा-पणजोबा रात्री चूड पेटवून नाहीतर कंदील घेऊन चालत. रस्त्यावर सगळ्यांच्याच हातात सारखाच उजेड होता. मोटार आली आणि एकाच्या हाती एवढा उजेड आला की दुसरा दिसेनासा झाला.

मी हे का लिहितो आहे ते आता सांगूनच टाकतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री ऑफिसातून सत्तरीतल्या घरी परतत होतो. समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला, मी गाडी कडेला घेतली आणि डाव्या आरशाला काहीतरी लागले. मी थांबलो नाही. थांबायला हवे होते, पण भीती वाटली. रात्रभर झोप नाही. पहाटे जाऊन पाहिले तर गटारात एक मोडकी छत्री पडलेली. माणूस नाही, रक्त नाही. छत्री कुणाची, कधीची, हे मी आजवर कुणाला विचारलेले नाही. कुणी अपघाती गेल्याचे तेव्हा कानावर आले नाही, एवढेच समाधान. माझ्याविरुद्ध कधी चौकशीसुद्धा झाली नाही.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. ठोकून पळालेल्या वाहनामुळे मृत्यू झाला तर वारसांना पूर्वी २५ हजार रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून ती रक्कम दोन लाख झाली. चांगलेच झाले. पण ती सरकारी योजनेतून मिळते, पळालेला देत नाही. देवासचा राजा निदान म्हणाला तरी की तो माणूस माझ्या गाडीखाली आला.

दुसऱ्या दिवशी भाच्याने पीथमपूरची वाहनचाचणीची धावपट्टी बाहेरून दाखवली. ११.३ किलोमीटरची, लंबगोल. २९ जून २०२१ रोजी उद्घाटन झाले तेव्हा आशियातली सर्वांत लांब म्हणून तिचा गौरव झाला होता. आत खड्डा नाही, गुरे नाहीत, समोरून कुणी येत नाही, घोंगडेवाला म्हातारा नाही. गाड्या अशा रस्त्यावर पारखल्या जातात आणि मग आपल्या रस्त्यावर येतात.

"मामा, इथे गाडी चालवायला मिळाली तर!" भाचा म्हणाला. मी म्हटले, "तू काल रात्री त्या म्हाताऱ्याला बघून ब्रेक दाबलास ना, मला तेवढे पुरे."

त्या छत्रीच्या जागेवरून मी अजून रोज घरी जातो. तिथे घुमटी नाही. तरी गाडी आपोआप हळू होते.