कुडाचं घर पाडून पक्कं बांधताय? धूर, ऊन आणि पाणी यांची सोय आधी बघा

सिल्वासा (सेलवास), खानवेल, दुधनी आणि सीमेपलीकडच्या तलासरी, डहाणू, जव्हारच्या पाड्यांवर कारवीच्या कुडाची घरं कमी होत चालली आहेत. त्यांच्या जागी विटा, सिमेंट, पत्रा किंवा स्लॅब येतोय. बहुतेक घरं कुटुंबंच उभी करतात. गावातला गवंडी, घरची माणसं, थोडं घरकुलाचं अनुदान आणि थोडं कर्ज, असा तो मेळ असतो. आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर यात क्वचितच असतो.

जुनं घर काही कामं न सांगता करत होतं. कुडाच्या फटींतून आणि कौलांमधून चुलीचा धूर बाहेर जायचा. जाता जाता तो बांबूला आणि टांगलेल्या बियाण्याला किडीपासून वाचवायचा. शेणमातीची भिंत ओल शोषायची आणि सोडायची. कौलाखाली दुपारी बसवत होतं. पक्क्या घरात यातलं काहीच आपोआप होत नाही. ते मुद्दाम बांधावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं, कारण पैसे फरशीवर आणि रंगावर संपलेले असतात.

चूल, शेकोटी आणि बंब

सर्वांत आधी धुराचं, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. सिलिंडर बहुतेक घरांत आलाय, पण भाकरीला आणि आंघोळीच्या पाण्याला चूल पेटतेच. स्लॅबच्या खोलीत दार-खिडकी लावून चूल पेटवली तर धुराला जायला वाट नाही. निर्धूर चूल बसवायची असेल तर साधारण चार इंची धुराडं छपराच्या वर किमान दोन फूट गेलं पाहिजे आणि वर टोपी हवी. खरी गोम वेगळीच आहे. स्लॅब भरण्याआधीच धुराड्याच्या जागी थोडा मोठा पाइप उभा करून भोक ठेवावं. नंतर स्लॅब फोडून पाइप काढला की पहिल्याच पावसात तिथून गळती सुरू होते, मग घरची माणसं वैतागून भोक बुजवतात आणि धूर पुन्हा घरात. लोखंडी धुराडं लाकडाला किंवा प्लास्टिकच्या पत्र्याला टेकता कामा नये.

थंडीत खानवेलच्या डोंगराळ बाजूला पहाटे चांगलाच गारठा असतो. कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याची पाटी खोलीत घेऊन झोपायची सवय कुडाच्या घरात खपून गेली. विटांच्या बंद खोलीत ती जीव घेऊ शकते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणं एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना जाणवली तर ती अन्नातून झालेली बाधा समजू नये. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणावं आणि 108 ला फोन करावा. शेकोटी अंगणात घ्यावी, झोपताना आत फक्त गोधडी.

हाच नियम बाथरूममधल्या गॅस गिझरला लागू होतो. औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना भाड्याने देण्यासाठी ज्या खोल्या बांधल्या जातात, त्यांची न्हाणीघरं चार बाय चारची आणि बिनखिडकीची असतात. तिथे गॅस गिझर बसवूच नये. तो बाहेरच्या भिंतीला लावून पाणी नळाने आत आणावं. बंब पडवीत किंवा परसात ठेवावा. पाणी तापवायचा विजेचा रॉड वापरत असाल तर अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्याच. बादली लोखंडी असेल तर जास्तच जपावं. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघायची खोड तर मोडायलाच हवी.

पत्र्याखालचं ऊन

इथे घर गरम करण्यापेक्षा गार ठेवण्याचीच चिंता वर्षातले जास्त महिने असते. उन्हाळ्यात पत्रा तापतो, हिवाळ्यात पहाटे तोच ठिबकतो. हे ठिबकणं म्हणजे गळती नव्हे. श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ थंड पत्र्याला लागून पाणी होते. डांबर लावून ते थांबत नाही, हवा खेळती केली तरच थांबतं. पत्र्याखाली सहाएक इंच जागा सोडून बांबूचा तट्ट्या ठोकावा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी लावून वाट द्यावी. थर्माकोल स्वस्त पडतो, पण चुलीजवळ तो नकोच.

स्लॅब असेल तर मार्चमध्ये गच्ची झाडून चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. खर्च कमी, गुण चांगला. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा आराखडा केला आणि पुढे गच्च्या पांढऱ्या करण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणाने 2023 मध्ये त्यासाठी धोरणच आणलं. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. पत्र्यावर चुना धरत नाही, तिथे ऊन परतवणारा पांढरा रंग घ्यावा. खिडक्यांचं माप म्हणाल तर दमट हवेत खोलीच्या जमिनीच्या एकषष्ठांश तरी उघडी जागा हवी. दहा बाय दहाच्या खोलीला साधारण सतरा चौरस फूट, आणि ती समोरासमोरच्या दोन भिंतींत.

पाणी, स्लॅब आणि मुहूर्त

या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर हवं. जोत्यावर ओल अडवणारा काँक्रीटचा थर, म्हणजे डीपीसी, गाळून पाचसहा हजार वाचवले तर भिंती कायम ओल्या राहतात आणि मग दरवर्षी प्लास्टर. खिडकीवर छज्जा हवा आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. गच्चीला दर शंभर फुटांना एक फूट या हिशेबाने उतार द्यावा.

स्लॅबचं मोठं दुखणं पाण्याचंच, पण उलट्या बाजूने. माल भरताना पाणी जास्त घालतात आणि भरल्यावर कमी मारतात. पन्नास किलोच्या एका गोणीला पाणी तीस लिटरच्या वर जाऊ नये, रेती ओली असेल तर आणखी कमी. माल सैल असला की पसरायला सोपा, म्हणून मिस्त्री बादली वाढवतो. तिथे घरच्या माणसाने उभं राहावंच. पुढे आळी करून निदान दहा दिवस, आणि राखेचं सिमेंट असेल तर चौदा दिवस, पाणी साठवून ठेवावं. आता हे एप्रिल-मेमध्ये कसं करणार? तेव्हा कित्येक पाड्यांवर प्यायला पाणी नसतं. म्हणून भातकापणी आणि दिवाळी आटोपली की पाया घ्यावा, स्लॅब फेब्रुवारीपर्यंत भरावा. मृगाच्या आधी कसंबसं छप्पर घालायचं म्हणून मेअखेर भरलेला स्लॅब आयुष्यभर गळतो. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे हप्ते कामाचा टप्पा आणि जागेवरचे फोटो बघून मिळतात, त्यामुळे जोत्याचं काम आणि कागदपत्रं लवकर उरकलेली बरी.

पंधरा फुटांहून लांब गाळा नसेल तर स्लॅबचे टेकू सात दिवसांआधी काढू नयेत, मोठ्या गाळ्याला चौदा. तुळईखालचेही चौदा. सळईखाली सिमेंटचे ठोकळे हवेत, स्लॅबला 20 मिलिमीटर आणि खांबाला 40. दगडाच्या खपल्या चालत नाहीत. खाडीची खारी रेती स्वस्त मिळाली तरी सळईला लावू नये, तिच्यातल्या मिठाने लोखंड गंजतं.

भूकंपाचं थोडक्यात. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली, 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4.1 तीव्रतेचा होता. दादरा नगर हवेली तिथून लागूनच. विटांच्या घराला जोत्यावर, खिडक्या-दारांच्या वर आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा फिरवला तर भिंती एकमेकींना धरून राहतात. खिडकीपुरतं लिंटेल टाकून पट्टा तोडण्यात काही अर्थ नाही. खांबातल्या रिंगांची टोकं आत, गाभ्याकडे वळवलेली असावीत. मिस्त्रीला हे तोंडी सांगू नका, रिंगा बांधून झाल्या की स्वतः बघा.

राहिला वरचा मजला. ‘पुढे भाड्याच्या खोल्या काढू’ म्हणून गच्चीवर सळ्या उघड्या सोडलेलं घर सिल्वासात गल्लोगल्ली दिसतं. चार-पाच पावसाळे झाले की त्या गंजून बारीक होतात आणि गंज खांबात उतरतो. वर बांधायचं नक्की नसेल तर सळ्या न सोडलेल्या बऱ्या. सोडायच्याच असतील तर त्यांना सिमेंटचा घट्ट रब्बा लावून वर कमी ताकदीच्या काँक्रीटचा ठोकळा भरून ठेवावा, लागेल तेव्हा तो फोडता येतो. आणि पाया दोन मजल्यांचा आहे की एकाच, हे इंजिनिअरकडून कागदावर घेऊन ठेवावं, कारण दहा वर्षांनी गवंडी दुसराच असतो.